वर्दी रजिस्टरातील वेळ आणि तांडेलांची डायरी : राज्याच्या अग्निशमन सेवेस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा,
तसेच राज्यातील सर्व महापालिकांचे आयुक्त, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी आणि अग्निशमन विभागप्रमुख यांस

विषय : नवी संगणक प्रणाली घेण्याआधी वर्दीची (म्हणजे आगीच्या खबरेची) नोंद खरी आणि वापरण्याजोगी करणेबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

एका महापालिकेच्या संगणक विभागात माझी बहुतेक नोकरी गेली आणि त्यातली शेवटची काही वर्षे अग्निशमन विभागाच्या नियंत्रण कक्षात. मी जवान नव्हे. धुरात कधी शिरलो नाही, होज (पाण्याचा पाइप) कधी खांद्यावर घेतला नाही. माझे काम टेबलापाशी बसून, जुनी वर्दी रजिस्टरे संगणकावर चढवण्याचे होते, कारण लवकरच नवी प्रणाली येणार होती आणि तिला ‘मागील माहिती’ लागणार होती. त्या कामात जे दिसले, ते वरपर्यंत कधी पोहोचले नाही. सेवेत असताना टिपणी लिहिली, ती फाइलला लागली आणि फाइल कपाटात गेली. आता निवृत्त आहे, म्हणून हे उघडपणे लिहीत आहे. त्या महापालिकेचे नाव मुद्दामच देत नाही. गाव बदलले तरी रजिस्टराचे रूप फारसे बदलत नाही, असे इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलताना वारंवार जाणवले आहे.

वर्दी रजिस्टरात प्रत्येक वर्दीसमोर चार वेळा लिहायच्या असतात : वर्दी मिळाल्याची, गाडी स्थानकाबाहेर पडल्याची, घटनास्थळी पोहोचल्याची आणि परतल्याची. मी ती पाने टंकू लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, पोहोचल्याची वेळ जवळजवळ नेहमी शून्यावर किंवा पाचावर संपते. दहा वाजून दहा मिनिटे, दहा पस्तीस, अकरा वाजून पाच. दहा वाजून तेरा मिनिटांनी गाडी जणू कधी कुठे पोहोचतच नव्हती. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. गाडी पोहोचते त्या क्षणी चालक गर्दीतून वाट काढत असतो, तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचा प्रमुख, होज उलगडायला सांगत असतो आणि वायरलेसवरचा माणूस दुसऱ्या वर्दीचा फोन घेत असतो. परत आल्यावर, चहा घेताना, ‘किती वाजले होते रे पोचलो तेव्हा?’ असे एकमेकांना विचारून तो रकाना भरला जाई. एका पानावर तर गाडी निघाली त्याच्या दोन मिनिटे आधी ती पोहोचल्याची नोंद होती. शोध घेतला तेव्हा कळले की, निघण्याची वेळ कक्षातल्या भिंतीवरच्या घड्याळाची होती, पोहोचण्याची वेळ चालकाच्या मोबाइलची होती आणि भिंतीवरचे ते घड्याळ चार मिनिटे पुढे होते. ते तसे का, असे विचारल्यावर ‘ड्यूटी बदलताना माणसे वेळेवर यावीत म्हणून’ असे उत्तर मिळाले.

चार मिनिटांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार शहरी भागात पहिली गाडी ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोहोचायला हवी. ज्या मोजपट्टीची पूर्ण लांबीच सात मिनिटांची आहे तिच्यावर चार मिनिटांची चूक म्हणजे अर्ध्याहून अधिक मोजपट्टी खोटी. अशा वेळांची सरासरी काढून ‘या प्रभागाला नवे अग्निशमन केंद्र हवे’ किंवा ‘नको’ असे ठरवणे म्हणजे खोट्या वजनांच्या तराजूवर सोने जोखण्यासारखे आहे. सर्व शासकीय संस्थांनी आपल्या संगणकीय यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, असा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. त्याला पैसा लागत नाही. तरीही आपल्या किती नियंत्रण कक्षांत फोनची नोंद करणारे यंत्र, वायरलेस, गाडीवरचे जीपीएस आणि भिंतीवरचे घड्याळ एकच वेळ दाखवतात, हे आपण एका परिपत्रकाने आठ दिवसांत तपासून घेऊ शकता.

पुढे ती नवी प्रणाली आली. नियंत्रण कक्षात एक मोठा पडदा लागला. त्यावर शहराचा नकाशा, हिरवे-लाल ठिपके आणि वरच्या कोपऱ्यात ‘सरासरी प्रतिसाद वेळ’ असा ठळक आकडा, तोही दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत. पाहुणे आले की त्यांना आधी तो पडदा दाखवत. तो आकडा मीच टंकलेल्या, शून्या-पाचांवर संपणाऱ्या वेळांतून निघाला होता, हे मला ठाऊक होते आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या ऑपरेटरलाही. आम्ही दोघे तिकडे पाहत नसू.

हे आता लिहिण्याचे कारण म्हणजे या सेवेसाठी खरोखरच पैसा येत आहे. १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली. यातून गाड्या येतील, शिड्या येतील, केंद्रे उभी राहतील आणि त्यांच्यामागोमाग प्रणाल्या विकणारेही येतील. त्यांच्या सादरीकरणांत कृत्रिम बुद्धिमत्ता असेल, ड्रोन असतील आणि नागरिकांसाठी ॲपही असेल. (घराला आग लागल्यावर ॲप डाउनलोड करणारा नागरिक मी अजून पाहिलेला नाही, तो शेजाऱ्याचे दार वाजवतो आणि जो नंबर तोंडपाठ असेल तो फिरवतो.) यातले काहीही घेण्याआधी, हाताशी असलेली माहिती कोणत्या दर्जाची आहे, हे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न एका रजिस्टरापुरता नाही. देशात आगी किती लागतात, असे विचारले की आपण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालाकडे जातो. २०२२ च्या अहवालात देशभरात आगीच्या ७,५६६ दुर्घटना आणि त्यांत ७,४३५ मृत्यू दाखवले आहेत. म्हणजे दर आगीमागे जवळपास एक मृत्यू! अग्निशमन केंद्रात एक पाळी काढलेल्या कोणालाही हे हास्यास्पद वाटेल. कचऱ्याची आग, मीटर बॉक्समधली ठिणगी, बंद स्वयंपाकघरात करपलेले कुकर, गोदामातला धूर अशा कितीतरी वर्द्यांत कोणी दगावत नाही. तो अहवाल पोलिसांच्या मृत्यूंच्या नोंदींतून तयार होतो. त्यामुळे ज्या आगीत माणूस मेला तीच तिथे आग ठरते. जी आग पहिल्या गाडीने विझवली, जिथे सेवेने आपले काम चोख केले, ती देशाच्या आकडेवारीत उमटतच नाही. तिची नोंद फक्त आपल्या वर्दी रजिस्टरात असते आणि ते रजिस्टर प्रत्येक गावात वेगळ्या रकान्यांचे, वेगळ्या शब्दांचे असते. एका ठिकाणी ‘शॉर्टसर्किट’ हे कारण म्हणून लिहितात, दुसऱ्या ठिकाणी कारण समजले नाही की तोच शब्द लिहितात. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत आली आणि नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांत मोडली हे खरे. पण सेवा स्थानिक असली म्हणून नोंदीचा नमुनाही स्थानिक असला पाहिजे असे नाही. राज्यभर एकच वर्दी-नमुना, ठरलेले शब्द आणि ‘कारण अज्ञात’ हा सन्मानाने निवडता येईल असा पर्याय, इतके संचालनालयाने ठरवून द्यावे, ही माझी पहिली मागणी.

दुसरी अडचण पत्त्याची. आमच्या शहरात त्या वेळी गणेशनगर नावाच्या वस्त्या दोन होत्या, एक नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. एका रात्री ‘गणेशनगर, मारुती मंदिराच्या बोळात आग’ अशी वर्दी आली. फोन करणारा घाबरलेला होता, बोलता बोलता लाइन तुटली. गाडी अलीकडच्या गणेशनगरात गेली. तिथेही मारुतीचे मंदिर होते आणि बोळही होता. आग मात्र नव्हती. पलीकडे गाडी पोहोचेपर्यंत दुकान पूर्ण जळाले होते. माणूस कोणी दगावला नाही, म्हणून चौकशी झाली नाही, आणि रजिस्टरात ‘पत्ता चुकीचा मिळाला’ अशी नोंद झाली, जणू चूक फोन करणाऱ्याची होती. त्याच महापालिकेच्या कर आकारणी विभागाने काही महिन्यांपूर्वीच मिळकतींचे जीआयएस सर्वेक्षण पूर्ण केले होते. प्रत्येक घर, प्रत्येक दुकान, मालमत्ता क्रमांकासह नकाशावर होते. ते आमच्या कक्षात नव्हते, कारण ते ‘कराचे’ होते. एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर बसणाऱ्या दोन विभागांपैकी एक थकबाकीसाठी घर शोधू शकत होता आणि दुसरा आगीतही शोधू शकत नव्हता.

११२ या एकाच क्रमांकामुळे पत्त्याचा काही भाग सुटू शकतो, कारण त्या यंत्रणेला मोबाइलचे अंदाजे ठिकाण मिळते. पण ११२ चा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूर येथील राज्यस्तरीय केंद्रात जातो आणि तिथून पुढे स्थानिक यंत्रणेकडे येतो. आमच्याकडे तो निरोप तोंडी येई. तिकडे पडद्यावर ठिकाण दिसत असे आणि इकडे ऑपरेटर ते ऐकून कागदावर उतरवत असे. ‘पिंपळगाव की पिंपळगाव बसवंत?’ असे दोनदा विचारावे लागे. जिथे हे हस्तांतर अजूनही तोंडी होते तिथे अक्षांश-रेखांशासह ते थेट पडद्यावर यावे, हे काम कोणत्याही नव्या ॲपच्या आधीचे आहे.

आता इमारतींविषयी, कारण इथे आपल्याकडे माहिती कमी नाही, उलट भरपूर आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून आगप्रतिबंधक यंत्रणेची तपासणी करून घेऊन दर जानेवारी आणि जुलै महिन्यात फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) सादर करायचा असतो. हे फॉर्म येतात, आवक शिक्का बसतो, गठ्ठे बांधले जातात किंवा हल्ली पीडीएफ होऊन एखाद्या फोल्डरमध्ये पडतात. रात्री दोन वाजता त्याच इमारतीकडे निघालेल्या गाडीतल्या अधिकाऱ्याला त्यातले काय कळते? काहीही नाही. पंप चालू स्थितीत आहे का, टाकीत पाणी किती राहते, दुसरा जिना कुठे उघडतो, तळघरात डिझेल जनरेटर आहे का, हे सगळे त्या कागदात किंवा मंजूर नकाशात असते. ते फॉर्म अनुपालन तपासण्यासाठी घेतले जातात, हे मान्य आहे. पण त्यातल्या सहा-सात बाबी एका पानावर काढून गाडीच्या टॅबवर, किंवा अगदी केबिनमध्ये ठेवलेल्या फाइलमध्ये, पत्त्याच्या क्रमाने लावता येतात.

९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना ती कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. माहिती हाती असती तर ते वाचले असते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी म्हणतही नाही. पण जुन्या मुंबईतल्या, लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या इमारतींचे वय, दुरुस्त्या आणि धोक्याची वर्गवारी कोणत्या ना कोणत्या शासकीय कार्यालयात नोंदलेली असते. आत शिरण्याचा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या हातात ती नोंद त्या क्षणी असावी, यावर दुमत होऊ नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बालके गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले आणि अहवालांचे ढीग जमले. त्याच वर्षी विरारला आणि नगरला रुग्णालयांत पुन्हा आगी लागल्या. त्या ढिगांतल्या किती अहवालांची एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात गेली, हे मोजण्याजोगे आहे आणि ते मोजावे.

माहिती नसते असे नाही. ती माणसांत असते. आमच्याकडे एक तांडेल होते. तीस वर्षे एकाच शहरात नोकरी. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असे, रबर लावलेली, कडा पाण्याने फुगलेल्या. कोणत्या गल्लीत मोठा टँकर वळत नाही, कोणत्या सोसायटीच्या फाटकाची कमान आडवी येते, कोणता हायड्रंट (आगीसाठी पाणी घेण्याचा रस्त्यावरचा नळ) डांबराखाली गाडला गेला आहे, कोणत्या विहिरीवर पोर्टेबल पंप लावता येतो, भाजी मंडईच्या मागे रात्री हातगाड्या कुठे लावतात, हे सारे त्यांनी त्यांच्या खुणांनी लिहिलेले. वर्दी आली की चालक आधी त्यांच्याकडे बघे. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळाले. ‘डायरीची प्रत काढू का?’ असे विचारायचे कोणाला सुचले नाही. पुढच्या पावसाळ्यात, ज्या कमानीखालून जाता येत नाही हे त्यांच्या डायरीत स्पष्ट लिहिले होते, त्याच कमानीपाशी टँकर अडकला.

आता देखभालीविषयी, जिला निविदेत शेवटचे पान मिळते. आमची नवी प्रणाली एका शनिवारी रात्री बंद पडली. मी पुरवठादाराच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे तक्रार नोंदवून घेतली आणि करारानुसार ‘पुढील कामकाजाच्या दिवशी’ अभियंता येईल असे सांगितले. तो सोमवारी अकरा वाजता आला. दोन रात्री आणि एक अख्खा रविवार आम्ही पुन्हा रजिस्टरावर होतो आणि खरे सांगायचे तर काम अडले नाही, कारण जुन्या माणसांना कागदाची सवय होती. ती माणसे निवृत्त होतील तेव्हा काय, हा प्रश्न कराराच्या मसुद्यात कुठेच नव्हता. जी सेवा चोवीस तास चालते तिच्या संगणकांचा वार्षिक देखभाल करार दहा ते सहाचा असणे हे माझ्या मते प्रणाली नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण प्रणाली असताना माणूस कागद विसरतो.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने संगणकावरून रुग्णवाहिका पाठवण्याची नवी प्रणाली संपूर्ण शहरात एकदम सुरू केली. काम सर्वात कमी दराच्या निविदेला गेले होते. कोणती गाडी नेमकी कुठे आहे याची माहिती अपुरी आणि चुकीची येत राहिली, चुकांच्या सूचनांचा ढीग पडद्यावर साचत गेला, त्यामागे खऱ्या वर्द्या हरवल्या आणि काही दिवसांतच प्रणाली पूर्ण ठप्प होऊन सेवा कागदावर परतली. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालात घाई, अपुरी चाचणी आणि कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेणे या गोष्टी नोंदल्या गेल्या. तीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्या निविदांमध्ये अजूनही ‘एकाच टप्प्यात कार्यान्वित’ हे शब्द अभिमानाने लिहिलेले असतात. आधी एक केंद्र, मग एक विभाग, मग शहर आणि दर महिन्याला एक रात्र प्रणाली मुद्दाम बंद ठेवून कागद व वायरलेसवर काम, अशी अट निविदेतच घालावी.

त्याच लंडनच्या अग्निशमन दलाचे दुसरे उदाहरण मात्र घेण्याजोगे आहे. २००९ पासूनच्या प्रत्येक वर्दीची नोंद, पहिली आणि दुसरी गाडी किती सेकंदांत पोहोचली याच्यासह, ते नागरिकांसाठी खुली ठेवतात. घर क्रमांक किंवा फोन करणाऱ्याची ओळख त्यात नसते. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेऊन तेवढे गाळता येईल. खुली नोंद ठेवायची म्हटले की नोंद आपोआप सुधारते, कारण शून्या-पाचांवर संपणाऱ्या वेळा कोणीतरी बाहेरचा माणूस पहिल्याच दिवशी दाखवून देतो. आपण दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटांत गेलेल्या जवानांना मानवंदना देतो, प्रात्यक्षिके करतो. त्याच आठवड्यात प्रत्येक महापालिकेने मागील वर्षाच्या वर्द्यांची नोंद प्रसिद्ध करावी. पहिल्या वर्षी ती लाजिरवाणी असेल. असू द्यावी, आणि त्यावरून एकाही केंद्र अधिकाऱ्यावर कारवाई होणार नाही असे संचालनालयाने आधीच लेखी सांगावे. नाहीतर दुसऱ्या वर्षी सगळ्या गाड्या सहा मिनिटांत पोहोचलेल्या दिसतील.

या सगळ्यासाठी पदे लागतील, हे मी जाणतो. जिथे फायरमनची पदेच रिक्त आहेत तिथे माहितीसाठी वेगळा माणूस मागणे काहींना उद्धटपणाचे वाटेल. पण प्रत्येक नियंत्रण कक्षात पाळीला एक असा कर्मचारी, ज्याचे काम फक्त नोंद आणि नकाशा यांचे असेल, जो जवानांबरोबर महिन्यातून एकदा गल्ल्या फिरेल आणि ज्याचा पगार ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून नसेल, एवढी मागणी अवाजवी नाही. एका नव्या शिडीवाहनाच्या किमतीत अशी माणसे कित्येक वर्षे पोसली जातील.

शेवटी एक व्यावहारिक बाब. त्या तांडेलांच्या घरी मी गेल्या दिवाळीत गेलो होतो. त्यांची डायरी अजून होती, देवघराच्या फडताळात. त्यांनी ती मला नेऊ दिली. मी ती पानापानाने टंकली आहे, गल्ल्यांची जुनी नावे आणि आताची नावे समोरासमोर लावली आहेत आणि जिथे त्यांची खूण कळली नाही तिथे फोन करून विचारून घेतले आहे. काही हायड्रंट आता राहिलेले नाहीत, तसे शेजारी लिहिले आहे. हे सारे एका साध्या तक्त्यात आहे, कोणत्याही प्रणालीत घालता येईल असे. ते कोणत्या कार्यालयात, कोणाच्या नावे आणि कोणत्या नमुन्यात पाठवावे, हे कृपया कळवावे. तांडेलांचे म्हणणे आहे की, शक्य असेल तर पावसाळ्याआधी.

आपला विश्वासू,
महापालिकेच्या संगणक विभागातील एक निवृत्त कर्मचारी